सहा अंशांचा उतार

पाठीवरून फिरणारा रूपालीचा, भावजयीचा, हात मध्येच थांबला. जवसाच्या तेलाचा उग्र वास खोलीत भरून राहिला होता. सुरभी पालथी पडली होती, एक गाल उशीत रुतलेला, डोळे मिटलेले. डाव्या कमरेतली ती तीन दिवसांची आग आता कुठे जराशी निवत होती, आणि तो हात थांबल्याबरोबर तिला वाटलं की घड्याळच थांबलं.

"काऊन थांबली वं?"

"ताई, इथं फोडं आले तुमच्या. बारीक बारीक, लायनीनं. तेल लावता लावता दोनतीन फुटले बी माह्या हातानं."

सुरभी उठली. साठ दिवस झोपून आलेल्या बाईने असं एकदम उठू नये, हे तिला कागदावर लिहून दिलेलं होतं. डोळ्यांपुढे काजवे आले, भिंत सरकली, तरी ती उठली. आरशात पाठ वळवून पाहिलं. पाठीच्या कण्यापासून निघून पोटाकडे वळलेला एक लालसर पट्टा, त्यावर पाण्याने भरलेले दाणे. रूपाली पाटावर बसली होती, पाय पसरून, आठव्या महिन्याचं पोट मांडीवर ठेवल्यासारखं, आणि तिचे दोन्ही तळवे तेलाने चकाकत होते. फक्त तेलाने नव्हे. सुरभी ओरडलीच, "हात धू! साबणानं धू, आत्ताच्या आत्ता!"

"बाप्पा, एवढं काय झालं?" रूपाली हसत हसत भिंतीला धरून उठली. "नागीण होय ते. माह्या आजीले झाली होती. तोंडाले शेपटी भेटू देऊ नका म्हणजे झालं."

मोरीतून नळाचा आवाज येत होता. तो ऐकत सुरभी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि तिथूनच विचारलं, "रूपाली, तुले लहानपणी माय आली होती का? कांजण्या?"

"नाई ना. निकेशले आली होती, माह्या भावाले. म्हणून तर मले मावशीकडे धाडून देल्लं होतं, तळेगावले."

हात पुसत पुसत, सहज, बाजारभाव सांगावा तसं तिने हे सांगितलं.

तिला सगळं माहीत होतं, हेच वाईट होतं. दोन महिन्यांआधी विचारलं असतं तर तीही नागीण म्हणाली असती, गेरू लावला असता, झोपी गेली असती. पण ते दोन महिने तिने ज्या पलंगावर काढले त्याचं डोकं पायांपेक्षा खाली होतं. सहा अंशांनी. दक्षिणेकडच्या एका शहरात, एका पांढऱ्या इमारतीत, अवकाशात जाणाऱ्या माणसांच्या शरीराचं काय होतं हे जमिनीवरच पाहण्यासाठी काही धडधाकट माणसं अशी उताणी, उतारावर निजवली होती. जेवण तसंच, अंघोळ तशीच. रक्त डोक्याकडे जाई, चेहरा सुजे, पाय हळूहळू वाळत. वर्ध्याच्या शाळेत ती मुलांकडून कवायत करून घेई, एके काळी कबड्डीत जिल्हा गाजवलेला, मांड्या दगडासारख्या. म्हणून तिला निवडलं होतं. शाळेतल्या बाया हसल्या होत्या. "दोन महिने झोपाची नोकरी! आमाले काऊन नाई भेटत वो असं?" भाऊ आदेश म्हणाला होता, "ताई, चंद्रावर जातो म्हटलं असतं तर एखाद्यानं हार तरी घातला असता." तिलाही हसू आलं होतं. पण आतली एक गोष्ट तिला कोणाला सांगता आली नव्हती. एकतिसाव्या वर्षी आपण कुठेच जाणार नाही, शिटी वाजवत याच मैदानावर म्हाताऱ्या होणार, हे तिला कळून चुकलं होतं. आकाशात कोणीतरी जाईल, आणि त्याच्या अंगाला काय होईल हे आपलं अंग आधी सांगून ठेवेल, एवढं तिला पुरे होतं.

तिथे एक डॉक्टर पौर्णिमा होत्या, मूळच्या आर्वीकडच्या, त्या जमावात मराठी बोलणाऱ्या एकट्याच. रोज सकाळी त्या नळीत लाळ घ्यायला येत. सुरभी उताणी पडल्या पडल्या विचारायची, "थुंकीत काय पाहता तुम्ही?" आणि त्या पलंगाच्या उतारासारखंच डोकं कलतं करून, तिच्या डोळ्यांत पाहता यावं म्हणून, सांगायच्या. अंगात पहारेकरी असतात, पेशी. वर गेल्यावर, वजन हरपल्यावर, झोप उडाल्यावर, मनावर ताण आल्यावर ते पेंगू लागतात. बाहेरून शत्रू यायची गरजच पडत नाही. लहानपणी येऊन गेलेले रोग जात नाहीत, मज्जेच्या मुळाशी निजून राहतात, वीस वर्षं, चाळीस वर्षं. पहारा सैल झाला की ते डोळे उघडतात. अवकाशातल्या माणसांच्या लाळेत ते सापडतात, बहुतेकांना कळतसुद्धा नाही. "कांजण्यांचा तर फार शहाणा," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यांदा येतो तेव्हा नागीण होऊन येतो. नाव वेगळं, जीव तोच." सुरभीला ते ऐकताना बरं वाटायचं. आपल्या आत कोणी निजलं आहे, आणि आपणही निजलो आहोत.

कारण लहानपणी तिला स्वतःला आलेली माय तिला आठवायची. सात वर्षांची होती ती. दाराला लिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, म्हणून घराला वासच नव्हता, नुसता वरणभाताचा फिका वाफारा आणि लिंबाच्या पाल्याचा कडू गारवा. आई, विमलाबाई, जी एरवी कापूस वेचायला पहाटे निघून जायची ती दिवे लागल्यावर परतायची, ती सात दिवस उशाशी बसून होती. खाजवू नये म्हणून दोन्ही हात धरून. आणि गुणगुणत.

पाहुणी आली माय, लिंबाच्या पाल्यात
मोती ठेवून गेली, लेकीच्या गालात

पाहुणी बसली माय, सातव्या दिसी जाते
दहीभात खाते बाई, लेक मागे ठेवते

सुरभीला आयुष्यात आई एवढी सलग कधी मिळाली नव्हती. आजार संपू नये असं वाटायचं. आई गेली त्याला चार वर्षं झाली. पण ते सात दिवस कुठे गेले, असं ती त्या उतारावरच्या पलंगावर मनाशी विचारायची आणि उत्तर यायचं, इथेच, कण्याच्या मुळाशी. आता ते उत्तर कमरेवर उमटलं होतं, पाण्याने भरलेलं, आणि रूपालीच्या तळहाताला लागलं होतं. ज्या बाईला कांजण्या झालेल्या नाहीत तिला नागिणीचं पाणी लागलं तर तिला कांजण्याच होतात. आणि दिवस भरत आलेल्या बाईला त्या झाल्या तर तिच्या छातीत उतरू शकतात. बाळ जन्मायच्या बेताला झाल्या तर बाळाला. हेही डॉक्टर पौर्णिमांनीच सांगितलं होतं. ते तेव्हा दुसऱ्या कोणाबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोटो पाठवला तर फोन त्यांचाच आला. पहिला प्रश्न, "दुखतंय किती?" दुसरा, "हात कोणाकोणाचा लागला?" सुरभीने सांगितलं. "तुझं हे झोपण्यामुळेच झालं असं मी तुझ्या एकटीवरून सांगू शकत नाही. एरवीही झालं असतं कदाचित. ते जाऊ दे. तिचं रक्त आजच तपासायला द्या."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. सुरभी दवाखान्याबाहेर, पायरीच्याही खाली उभी होती, कमरेला पट्टी, वरून सैल कुडता, पट्टी पूर्ण झाकलेली असताना कोणाला काही होत नाही हे माहीत असूनही सगळ्यांपासून चार हात लांब. आदेश बाहेर येऊन सांगत होता. रक्तात जुनी ओळख सापडली, म्हणजे लहानपणी कधी होऊन गेल्या असतील, तर काहीच करायचं नाही. नाही सापडली तर दहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन, ते इथे मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागेल, आणि त्यानंही नक्की अडेलच असं नाही. रिपोर्ट उद्या सायंकाळी. "ताई, तू अशी चोरासारखी उभी काऊन राह्यली?" आदेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्याने रूपालीच्या आईला, समुद्रपूरला, फोन लावला. वच्छलाबाईंचा आवाज फोनमधून अंगणभर पसरला. "नाई आली, जवाईबापू. बिलकुल नाई. निकेशच्या अंगावर पयला दाणा दिसला तशी म्या पोरगी बसमधे टाकली. दोन महिने शिवेच्या आत येऊ देल्ली नाई. तिच्या अंगाले एक डाग दाखवा मले, म्या नाव बदलून देईन." केवढा अभिमान होता त्या आवाजात. वीस वर्षांपूर्वी लेकीला वाचवल्याचा. सुरभी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून ते ऐकत होती आणि तिला रडू येईना, हसू येईना. ज्या मायेने रूपालीला वाचवलं तिनेच तिला उघडं ठेवलं होतं, आणि त्या मायेला हे कोणी सांगायचं. वच्छलाबाईंना कळलंच शेवटी, आदेशच्या गप्प राहण्यातून कळलं. मग फोनमध्ये नुसतं, "आता कसं वो, जवाईबापू? आता कसं?"

सुरभी गच्चीवरच्या खोलीत राहायला गेली. ताट आदेश वर आणून ठेवी. खोलीत कपाशीच्या पऱ्हाटीचा भारा होता, जुनी सायकल होती. जमिनीवर सतरंजी टाकून ती बसली, कारण आडवं व्हायची तिला आता भीती वाटत होती. पाय अजून आपले वाटत नव्हते. पलंगावरून उठवल्या दिवशी तिला दोघींनी धरलं होतं आणि स्वतःचं वजन तिला एखाद्या न सांगता आलेल्या नातेवाइकासारखं वाटलं होतं, ज्याला कुठे बसवावं कळत नाही. आता त्या वजनात आणखी एक वजन होतं, दोन किलोंचं, अजून न जन्मलेलं. खालून रूपालीच्या बोलण्याचा आवाज येई. ती पोटाशी बोलायची सारखी, "लात मारून राह्यला का रे? मार, मार." प्रत्येक वेळी सुरभीच्या कमरेत आगीचा एक दोरा ओढला जाई. तिने मनाशी पुन्हा पुन्हा तो हात पाहिला, तेलाचा, ऊबदार, स्वतःचा भार सांभाळत दुसऱ्याची पाठ चोळणारा. नको म्हणाली होती का मी? एकदाच म्हणाली होती, तेही वरवर. कोणी तरी पाठीवरून हात फिरवावा असं साठ दिवस वाटलं होतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रिपोर्ट यायच्या आधीच, जिन्यावर चपला वाजल्या, जड आणि थांबत थांबत. दारात एक सावळी, उंच बाई उभी राहिली, हातात पिशवी, पदराने घाम पुसत. "तूच सुरभी का? मी शोभा. रूपालीची मावशी होय, तळेगावची. वच्छलाचा फोन आलता. रडून राह्यली होती."

"मावशी, जवळ नका येऊ. मले..."

"माहीत हाये मले तुले काय होय ते." त्या सरळ आत आल्या आणि सायकलला टेकून बसल्या. "खाली नाई गेली मी अजून. आदेशले म्हटलं, पयले वरती जातो. वच्छलापुढं माह्यं तोंड उघडत नाई. तू परकी, म्हणून तुले सांगतो. ऐकून घे, मंग तूच ठरव."

त्यांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवला नाही, हातात फिरवत राहिल्या.

"पोरगी आली माह्या घरी, त्याच्या दहाव्या दिवशी तिले ताप भरला. कानामागं एक दाणा. मंग पाठीवर, पोटावर. माय येऊनच आली होती तिच्यासंगं, बसमधे बसून. वच्छलानं वाचवाले म्हणून धाडलेली पोर, अन् माह्या दारात माय! मले लेकरू नाई, बाई. सुट्ट्यांत ती एकच यायची माह्या घरी. वच्छलाले सांगतलं असतं तर म्हणली असती, शोभीचं घर धारजिणं नाई. परत कोणी धाडली असती का मले पोरगी? लिंबाचा पाला लावला, पण मागच्या दाराले. फोडणी बंद केली, नवऱ्याले म्हटलं तेल संपलं. सातव्या दिवशी शेताच्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली दहीभात ठेवून आली. पोरीले सांगतलं, घामोळ्या होत. उन्हाळा होताच. डाग फिके पडेपर्यंत दोन महिने ठेवली तिले."

"घामोळ्या," सुरभी म्हणाली.

"वीस वर्षं झाले. कोणालेच सांगतलं नाई. नवरा गेला, त्यालेबी अर्धच माहीत होतं."

सुरभीला विश्वास ठेवायचा होता, अंगातल्या प्रत्येक कणाने ठेवायचा होता, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. ही बाई आपल्याला धीर द्यायला तर सांगत नाही? तळेगावहून दोन बस बदलून कोणी एवढ्यासाठी येईल? पण बायका येतात, त्याहून लहान कारणांसाठी येतात. "मावशी, खरं सांगा. माह्या समाधानासाठी नका सांगू. रिपोर्ट उलटा आला तर उद्या मुंबईले फोन लावा लागन."

शोभाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डाव्या कानामागं, केसांत. तिथला दाणा तिनं झोपेत खाजवला होता, खड्डा राह्यला. वच्छलाच्या हाती वेणी पडू नये म्हणून मीच शिकवली तिले सोताची वेणी घालाले. सहा वर्षांच्या पोरीले. पाह्य जाऊन."

सुरभी जिन्याकडे गेली. भिंतीला धरून पाचव्या पायरीपर्यंत उतरली आणि तिथून आदेशला हाक मारली, रूपालीला उजेडात उभं कर म्हणाली, डाव्या कानामागचे केस वर घे म्हणाली. "काय आता ताई, उवा पाहून राह्यल्या का माह्या?" रूपाली पोटाला हात लावून कुरकुरत उभी राहिली. आदेशने मोबाइलचा टॉर्च लावला. केस बाजूला केले, आणखी केले. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"हाये," आदेश म्हणाला. "तांदळाच्या कणीएवढा. खड्डाच हाये, ताई."

सुरभी हळूच पायरीवर बसली. वजन होतं ते सगळं खाली उतरून पायरीत गेलं, पायरीतून भिंतीत, भिंतीतून जमिनीत, आणि जमिनीने ते घेतलं. तिला पहिल्यांदा वाटलं की आपण परत आलो. रूपाली वर बघत विचारत होती, काय झालं, काय होतं तिथं, सांगा ना कोणी. तिच्या पाठीमागे दारात शोभाबाई कधी उतरून उभ्या राहिल्या ते कोणाला कळलं नव्हतं. "मावशे! तू कधी आली वं?" आणि मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नेमका तिथूनच, न पाहता.

सांगायला अर्धा तास लागला. रूपाली आधी हसली, मग चिडली. "घामोळ्या? मी अजून उन्हाळ्यात घामोळ्यांची पावडर घेऊन फिरतो ना बाप्पा!" सायंकाळी आदेश रिपोर्ट घेऊन आला. त्याने कागद दारातूनच हलवला, मग सुरभीला वाचायला लांबून धरला. ओळख होती. भरपूर होती, आकडा हवा त्याच्या कितीतरी वर. रूपालीला आठवत नव्हतं, तिच्या आईला माहीत नव्हतं, आणि रक्त मात्र तळेगावचा तो उन्हाळा एवढी वर्षं जागवत बसलं होतं. सुरभीने डॉक्टर पौर्णिमांना तीन शब्द लिहिले: आधीच झालेल्या होत्या. उत्तरात त्यांचा नुसता एक हसरा चेहरा आला, आणि मागाहून, "तुझी पट्टी बदलली का?"

"आता वच्छलाले," शोभाबाई म्हणाल्या.

"मी सांगू का मावशी?" आदेशने विचारलं.

"नाई. माह्या तोंडचं हाये ते." त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. सुरभी पाचव्या पायरीवर, रूपाली पाटावर, आदेश उंबरठ्यावर. शोभाबाईंनी एका दमात सांगितलं, जसं वर सांगितलं होतं त्याहून कितीतरी थोडक्यात, आणि शेवटी म्हणाल्या, "आता शिव्या दे. ऐकाले बसली मी."

समुद्रपूरकडून काहीच आलं नाही. फक्त कुठे तरी बस निघाल्याचा हॉर्न. रूपालीने "आई?" म्हटलं, तरी नाही. सुरभीला वाटलं आता तुटेल काहीतरी, वीस वर्षांचं.

"शोभे," वच्छलाबाईंचा आवाज आला, बारीक झालेला. "तापात ती मले आवाज देत होती का?"

शोभाबाईंनी रूपालीकडे पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं होतं, सुरभीला ते दिसत होतं.

"देत होती. रोज. आई आई करे. मी 'ओ' देत होती."

मग नाक ओढल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ एक हुंदका, की हसू, नीट कळेना. "मले 'ओ' देता आला नसता. मी निकेशपाशी होती. बरं केलं तू." मग आवाज चढला. "पण सांगाले पाह्यजे होतं ना वं, भवाने! मी लोकायले सांगत फिरली, माही पोरगी वाचवली म्हणून."

"वाचलीच ना मंग," शोभाबाई म्हणाल्या, आणि आता त्याही रडत होत्या.

"ते जाऊ दे. अन् आता आलीच हायस तर ऐक. पुढच्या महिन्यात तिले बाळंतपणाले आणतो मी इकडं. माह्याच्यानं लेकराच्या मागं जागणं होत नाई आता, गुडघे गेले. तू सवा महिना माह्या घरी येजो. तेलपाणी तूच करजो. तुह्या हातचं लेकरू टिकते, पाह्यलं मी."

शोभाबाईंनी फोन कानाशी लावला, ऐकू येत असूनही, घट्ट. "येतो," त्या म्हणाल्या. "येतो ना. कोणत्या बसनं येऊ?"